पडद्याकडे पाठ

कंबरेच्या दुखण्याने माणसाला कुठे कुठे नेऊन आडवं करावं, याला काही सुमार नाही. गेल्या महिन्यात त्याने मला दादरच्या एका गाद्यांच्या दुकानात नेलं. सोबत माझी मुलगी मुक्ता होती आणि दुकानातला एक भलताच उत्साही पोरगा.

"झोपून बघा ना मॅडम, लाजू नका. सगळेच झोपतात इथे," तो म्हणाला.

"आई, झोप ना गं. पाच मिनिटं," असं म्हणत मुक्ताने माझी पर्स काढूनच घेतली.

भर दुपारी, भर दुकानात, चपला काढून मी झोपले. वर दिवेबिवे लावलेलं नवीन छत होतं, पण एका कोपऱ्यात त्याचं काम अर्धवट राहिलं होतं आणि तिथून जुनं छत दिसत होतं. पिवळट पडलेले बोर्ड आणि त्यांना ओळीने पाडलेली बारीक भोकं. मी आपली सहज मोजायला लागले. एका ओळीत चोवीस. दुसऱ्या ओळीतही चोवीसच असणार हे मला मोजायच्या आधीच माहीत होतं. ते कसं माहीत आहे हे कळायला मात्र थोडा वेळ लागला.

"आई, कशी वाटते? फार नरम नाही ना?"

"शू," मी म्हणाले. "टेक चालू आहे."

मुक्ता हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायची थांबली.

रस्त्याकडचं दार बदललं होतं, लाकडी जिना जाऊन लिफ्ट आली होती, म्हणून येताना मला ओळखू आलं नव्हतं. पण हॉल हाच. इथे रेकॉर्डिंगचा स्टुडिओ होता आणि माझे बाबा इथे व्हायोलिन वाजवायचे.

बाबा काही नावाजलेले वादक नव्हते. सिनेमाच्या पार्श्वसंगीताला तीस-चाळीस व्हायोलिनं एका वेळी लागत, त्या काळातल्या तिसऱ्या रांगेत त्यांची खुर्ची असे. आजोबा मालवणकडून येऊन गिरणीत लागलेले. बाबांनीही त्याच गेटातून आत जायचं, हे घरात ठरल्यासारखंच होतं. तरी ते शाळकरी वयात गिरगावातल्या एका वाडीत, एका गोवेकर मास्तरांकडे व्हायोलिन शिकायला कसे पोचले, हे त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. "गेलो झालं," एवढंच म्हणायचे. लालबागच्या आमच्या चाळीत कुणाला त्याचं कौतुक होतं असं काही म्हणता येणार नाही. शेजारच्या सावंतआजी गॅलरीत तांदूळ निवडत बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या, "परबाचो झील गिरणीत जावचो सोडून दिवसभर लाकूड घासता हा!" पण दुपारी बाबा वाजवायला बसले की त्याच सावंतआजी आपला रेडिओ बंद करायच्या, हेही मी पाहिलं आहे.

त्या दुपारांचे वास अजून माझ्या नाकात आहेत. बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, ताणून बाबा त्याला रोझिन घासायचे. देवळात धूप घालण्याआधी डब्यातल्या राळेला येतो तसा काहीसा तो वास. त्याचा पांढरा भुगा त्यांच्या डाव्या खांद्यावर कायम सांडलेला असायचा आणि आई शर्ट झटकताना रोज कुरकुरायची. उन्हाळ्यात त्यात मसाल्याची भर पडे. एप्रिल लागला की आमच्या गल्लीच्या तोंडाशी मिरच्या कुटणारी यंत्रं सकाळपासून धडधडायला लागत. हवा तांबडी होई. चाळीतल्या बायका नाकाला पदर लावून रांगेत उभ्या असत आणि आम्ही पोरं त्यांच्यामधून शिंकत शाळेत जात असू. त्याच गल्लीतून बाबांची पेटी स्टुडिओत जायची. तिथे पेटी उघडली की आतल्या मखमलीत बसलेली मिरची-धण्याची धूळ आधी बाहेर यायची. एकदा एक अख्खा टेक त्यामुळे फुकट गेला. अगदी शेवटच्या सुराला, सगळे श्वास धरून बसलेले असताना, बाजूच्या वादकाला अशी सणसणीत शिंक आली की अरेंजरच्या हातातली काडीच खाली पडली. तेव्हापासून मे महिन्यात बाबा दारात दिसले की सगळे हसत ओरडायचे, "परब आला, रुमाल काढा!"

पार्श्वसंगीत तेव्हा कसं व्हायचं ते आता सांगितलं तर मुक्ताला मी थापा मारते आहे असं वाटतं. हॉलच्या एका भिंतीवर पडदा असे. त्यावर सिनेमाचं एकेक रीळ लावायचं. वादकांना हात दाखवणारे अरेंजर पडद्याकडे तोंड करून उभे राहत, कारण कोण कुठल्या क्षणी दार उघडतं, कोण वळून बघतं, ते त्यांना दिसायला हवं. आणि वादक बसत अरेंजरकडे तोंड करून. म्हणजे पडद्याकडे पाठ करून. साठ माणसं! मागे पडद्यावर कुणाचं घर जळत असायचं, कुणी आगगाडीमागे धावत असायचं, आणि ही साठ माणसं तिकडे पाठ करून समोरच्या कागदावरचे सूर वाजवत असायची. संवाद तर त्यांना ऐकूच येत नसत, ते अरेंजरच्या हेडफोनमध्ये. अरेंजर बोलायचे तेही "हळू", "पुन्हा एकदा", "चेलो, जरा कमी", एवढंच. कोण मेलं आणि कोण परत आलं, हे कुणी वादकांना सांगायचं नाही आणि वादकांनीही विचारायचं नाही, अशी तिथली रीतच होती.

अरेंजर सोडले तर त्या हॉलमध्ये पडदा नीट दिसायचा फक्त मला. मी तेव्हा अकरा वर्षांची. शाळेला सुट्टी लागली की बाबा मला बरोबर न्यायचे. अरेंजरच्या मागे, भिंतीशी, डबल बासची एक रिकामी पेटी आडवी टाकलेली असे, तिच्यावर माझी जागा. अट एकच, लाल दिवा लागला की हू की चू करायचं नाही. खोकला आला तर गिळायचा. रीळ पुन्हा पुन्हा लावत, त्यामुळे तेच तेच बघून कंटाळा आला की मी छताची भोकं मोजायची. पण पहिल्यांदा रीळ लागायचं तेव्हा मी डोळ्याची पापणी हलवत नसे, कारण घरी जाताना मला त्याचा जाब द्यायचा असे.

घरी आम्ही बहुतेक वेळा चालत जायचो. दादरहून नायगावच्या चाळींच्या बाजूने, मग भोईवाडा, परळ, लालबाग. बाबांच्या एका हातात पेटी, दुसऱ्या हातात माझा हात. स्टुडिओपासून थोडं लांब आलो की आमचा खेळ सुरू व्हायचा. आधी बाबांनी ओळखायचं, मग मी खरं सांगायचं.

"आज कुणीतरी खूप दिवसांनी घरी आलं," बाबा म्हणायचे. "आणि घरातल्यांना आनंद झाला, पण ते दाखवत नाहीयेत. बरोबर?"

"बैल आला, बाबा."

"बैल?"

"हरवलेला बैल. पण म्हातारा खरंच दाखवत नव्हता. गोठ्यात गेला आणि नुसता उभा राहिला."

"मग बरोबरच की!" बाबा खूश व्हायचे. "मी बैल म्हटलं नाही, पण बाकी सगळं म्हटलं."

कधी ते सपशेल आपटायचे. एकदा सगळी व्हायोलिनं थरथर कापत वाजली होती आणि बाबा अगदी खात्रीने म्हणाले होते की खून झाला. प्रत्यक्षात एक जाडी बाई किल्ल्यांचा जुडगा शोधत होती. नायगावच्या फुटपाथवर पोट धरून आम्ही दोघं हसलो होतो. पण अशा चुका थोड्या. दहातल्या आठ वेळा ते ओळखायचेच. मला त्याचं फार नवल वाटायचं. एक शब्द कानावर पडलेला नाही, चित्र दिसलेलं नाही, मग यांना कळतं कुठून?

"काय झालं ते कळत नाही गं," एकदा ते म्हणाले. "चोरी झाली का लग्न झालं, ते मी कसं सांगणार? पण जे झालं ते त्या माणसाला कसं लागलं, ते हाताला कळतं. बो जड होतो, नाहीतर हलका होतो."

गणपतीत चाळीच्या आरतीला त्यांना कुणी वाजवायला सांगितलं की ते वाजवायचे, पण त्यांचं मन त्यात नसे. शब्द आले की लोक शब्दांच्या मागे जातात, म्हणायचे. दिवाळीच्या सुमाराला स्टुडिओत फार काम असे, तेव्हा ते उशिरा यायचे आणि अंघोळीच्या पाण्याला सुटलेल्या उटण्याच्या वासात त्यांचा रोझिनचा वास मिसळायचा. थंडीच्या सकाळी तारा उतरलेल्या असत. गॅलरीत उभं राहून ते एकेक तार कानाशी लावत, आणि खाली नळावर रांगेत उभ्या असलेल्या बायका सूर लागेपर्यंत उगीच वर बघत राहत. आई आतून म्हणायची, "लागला का एकदाचा? मग चहा घ्या." आईचा आवाज किंचित घोगरा होता. माझ्याकडे तिचा आवाज कशातच साठवलेला नाही, पण तो घोगरेपणा मला अजून जसाच्या तसा आठवतो.

त्या वर्षी, माझ्या अकराव्या वर्षी, मे महिन्यात आई परळच्या हॉस्पिटलात होती.

काय झालं होतं, ते मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि पुढे कळलं ते इथे सांगून काही उपयोग नाही. लहान मुलांना वॉर्डात सोडत नसत. संध्याकाळी बाबा वर जायचे आणि मी खाली आवारात एका बाकावर पेटी सांभाळत बसायची. थोड्या वेळाने दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत आई यायची. तिने हात हलवला की मी हात हलवायची. ती हातानेच विचारायची, जेवलीस का? मी मान हलवायची. ती वेणी दाखवायची, म्हणजे कुणी घातली? मी हाताने सावंतआजींचं पोट दाखवायची आणि ती हसायची. आमचं सगळं बोलणं असं चालायचं. मग ती आत जायची, आणि रिकामी खिडकी बघायची नाही म्हणून मी पेटीच्या कड्या उघडझाप करत बसायची.

त्याच महिन्यातली ती दुपार. रीळ लागलं. पडद्यावर एक पांढरी खोली, पांढरी खाट, खाटेवर डोळे मिटून पडलेली बाई. तिचा हात हातात घेऊन एक माणूस बसलेला. कुणाचेच ओठ हलत नव्हते. नर्स आली, तिने त्या बाईच्या अंगावरची चादर वर ओढली. मग त्या माणसाने खाटेवर डोकं टेकलं आणि त्याचे खांदे गदगदा हलायला लागले.

बस, एवढंच. तिथे रीळ संपायचं.

पहिल्यांदा, वाजवणं सुरू व्हायच्या आधी नुसतंच रीळ लावलं, तेव्हा मला वाटलं मी ओरडेन. पण तेवढ्यात लाल दिवा लागला. मग प्रत्येक टेकला मी कान गच्च दाबून धरले आणि नजर छताकडे लावली. नऊ वेळा तो प्रसंग झाला, नऊही वेळा मी भोकं मोजली. त्या दिवशी बाबांनी काय वाजवलं ते मी ऐकलंच नाही. काय गंमत आहे बघा, त्या हॉलमधल्या साठ माणसांनी ते चित्र पाहिलं नाही आणि ज्या एकटीने पाहिलं तिने कान झाकून घेतले होते.

बाहेर आलो. ऊन उतरलं होतं. बाबा नेहमीप्रमाणे तोंड उघडणार, तेवढ्यात मीच घाईघाईने म्हणाले, "बाबा, आज मी आधी सांगते. ती बाई आजारी होती ना, ती बरी झाली. घरी आली. सगळे जेवायला बसले."

खेळाचा नियम मी मोडला होता. आधी त्यांनी ओळखायचं असतं. बाबा चालता चालता थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हो?" ते म्हणाले. "मलाही तसंच वाटलं."

आणि मग त्यांना जी काही हुशारी आली, ती मला आजही डोळ्यांपुढे दिसते. ते भराभर चालायला लागले. वाटेत सोनचाफ्याची फुलं घेतली, पानात बांधून. हॉस्पिटलच्या आवारात मला बाकावर बसवलं आणि जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. थोड्या वेळाने दोघं खिडकीत आली. आईच्या केसात चाफा होता. बाबा रिकाम्या हातांनी, हनुवटी खांद्यावर कलती करून, तिला व्हायोलिन वाजवून दाखवत होते. त्यांचा उजवा हात हवेत लांबवर जात होता आणि परत येत होता. आई तोंडावर हात धरून हसत होती, मग हात काढून हसायला लागली. मला वर बोलावल्यासारखं करून तिने खिडकीतूनच दोन्ही हात पसरले. मीही हसले, हात हलवले, आणि आतून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या थापेवर ही दोघं हसताहेत, असं मला वाटत होतं.

जून संपता संपता आई गेली.

त्यानंतर बाबांनी मला स्टुडिओत नेलं नाही आणि "मागे काय होतं?" असं कधी विचारलं नाही. मी मनाशी पक्कं धरून चालले, त्यांना माझं खोटं कळलं. एक तर तेव्हाच कळलं होतं आणि पोरीचं मन मोडू नये म्हणून त्यांनी हसण्याचं सोंग आणलं, आईलाही आणायला लावलं. नाहीतर त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, आपल्या हाताला काही वेगळंच कळलं असून पोरीचं ऐकलं, आणि मी त्यांना फसवलं. दोन्हीकडून ती संध्याकाळ खोटीच ठरत होती. आईची माझ्याकडे असलेली शेवटची हसरी आठवण ती, आणि तिच्याकडे मला सरळ बघता येत नव्हतं. ती आठवली की मी उठून काहीतरी काम काढायची.

तो सिनेमा आला तेव्हा आमच्या घरी आईचं वर्ष चालू होतं, आम्ही कुठले जातोय. आठवडाभरात तो उतरला म्हणे. पुढे चाळीस व्हायोलिनांचं काम एक माणूस एका इलेक्ट्रॉनिक पेटीवर बोटं दाबून करायला लागला. बाबा घरीच मुलांना शिकवत राहिले. शेवटपर्यंत आमच्यात सगळं बोलणं व्हायचं, पण हे विचारायचं मात्र राहून गेलं. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

गाद्यांच्या दुकानातून घरी येताना हे सगळं मी मुक्ताला सांगून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगत होते. तिने काही समजूत घातली नाही, मला तिचं ते बरं वाटलं. आठवड्याने आली आणि म्हणाली, "आई, मिळाला तुझा पिक्चर. कुणीतरी नेटवर टाकलाय. प्रिंट एकदम खराब आहे. लावू?"

"नको," मी म्हणाले. मग म्हणाले, "इथे नको. पीटरअंकलकडे जाऊ."

पीटरअंकल बाबांच्या बरोबर स्टुडिओत चेलो, म्हणजे खर्जातलं मोठं व्हायोलिन, वाजवायचे. त्या साठांपैकी माझ्या माहितीत एवढेच उरलेत. शिवाजी पार्कच्या मागे एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहतात, वय नव्वदीला टेकलंय, कान मात्र असे की दाराबाहेरची पावलं ऐकून कोण आलं ते सांगतील. जाताना मी लालबागचा मसाला नेला होता. त्यांनी पुडी हुंगली आणि रुमाल काढला.

"परबाचं चेडू आलं," ते म्हणाले आणि आम्ही दोघंही हसलो.

मुक्ताने टीव्हीला फोन जोडला. मी समोर बसले. अंकलनी आपली वेताची खुर्ची उचलली, फिरवली आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

"अंकल, दिसणार कसं तुम्हाला?" मुक्ताने विचारलं.

"कित्याक बघू गो बाय? आयुष्यभर बघितलं नाही, आता बघून काय करू? लाव तू."

मुक्ताने सिनेमा पुढे पुढे नेला. पांढरी खोली आली तशी मी तिचा हात धरला. खाट, बाई, तिचा हात हातात घेतलेला माणूस. सगळं तसंच होतं, फक्त खोली मला आठवत होती त्यापेक्षा लहान होती. आणि या वेळी मी कान उघडे ठेवले होते. व्हायोलिनं अगदी खालून, श्वास सोडावा तशी सुरू झाली. नर्स आली. तिने चादर वर ओढली. मी बघत होते, चादर खांद्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. तोंडावरून गेली नाही. माणसाने खाटेवर डोकं टेकलं.

"वाचलं कुणीतरी," खिडकीकडे बघत पीटरअंकल म्हणाले.

"नाही अंकल," मी म्हणाले. "गेली ती बाई. नवरा रडतोय. मी लहानपणी पाहिलंय."

"गेली? कशी जाईल? आयक तू." त्यांनी बोट वर केलं. "हा मी. हा चेलो. कुठे चाललाय बघ. वर, वर, अजून वर. मरणाच्या सीनला चेलोला वर कोण पाठवतो? तिथे आम्ही तळाला बसायचं, पाय दुखेपर्यंत. ताप उतरला तिचा. नवरा रडतोय, तर जीव भांड्यात पडला म्हणून रडतोय."

पडद्यावर पुढचा प्रसंग सुरू झाला, जो त्या दिवशी रिळात नव्हता. खाटेवरच्या बाईची बोटं हलली. तिने हात उचलला आणि त्या माणसाच्या केसांवर ठेवला. मग एक स्वयंपाकघर आलं. तीच बाई पाटावर बसून सगळ्यांना वाढत होती.

मुक्ता माझ्याकडे बघत राहिली. 

"त्या दिवशी तुझ्या बाबाने गंमत केली होती," अंकल सांगत होते. त्यांना मागचं काहीच माहीत नव्हतं, ते आपले आठवेल तसं बोलत होते. "तुझी मम्मी तेव्हा आजारी ना? शेवटचा टेक झाला. आम्ही बो ढिले करत होतो. परब माझ्याजवळ आला. डोळ्यात पाणी. म्हणाला, पीटर, कुणीतरी वाचलं बघ. मला कौल मिळाला. मी हसलो त्याला. म्हटलं, परबा, कौल तुमच्या गावच्या देवळात लावतात, देवाच्या अंगावरची पाकळी पडते ती बघतात. स्टुडिओत कसला कौल? तर म्हणाला, माझ्या हाताला मिळाला. आज बायकोला सांगतो जाऊन, कसं वाजलं ते."

"कधी म्हणाले?" मी विचारलं. "स्टुडिओत? आम्ही बाहेर पडायच्या आधी?"

"आधीच. तू पेटीवर बसलेलीस. कान धरून." अंकल हसले. "आम्हाला वाटलं आमचं वाजवणं तुला आवडत नाही."

म्हणजे मी काही सांगायच्या आधीच बाबांना ठाऊक होतं. माझ्या थापेला ते भुलले नव्हते आणि त्यांनी सोंगही आणलं नव्हतं. "मलाही तसंच वाटलं," हे त्यांचं साधं, खरं उत्तर होतं. मी खोटं म्हणून जे बोलले तेच खरं निघालं होतं. कौल मात्र दुसऱ्याच बाईचा होता. आमच्या आईचा त्यात काही संबंध नव्हता, तसा तो नसतोच. आई गेली ती गेलीच. पण त्या संध्याकाळी दोन-दोन पायऱ्या चढत जो माणूस वर गेला, तो मनापासून आनंदात गेला होता, आणि त्याने हवेत वाजवलेलं माझ्या आईला ऐकू आलं होतं.

माझं रडं थांबेना. अंकलनी तेव्हा पहिल्यांदा खुर्ची वळवली.

"काय झालं गो? ती वाचली ना? मग रडतेस कशाला?"

"ती दोघं खरंच हसत होती, अंकल," मी म्हणाले.